करडई-जवसाचं मागणीपत्र

२००९ साल. ऑगस्टमधला दुसरा गुरुवार. तारीख आठवायला मला कधी डायरी उघडावी लागली नाही. त्या वर्षी एका माणसाने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर चुकवलं. मुद्दाम नाही… उलट फार मन लावून, सगळीकडे शोधून, वर शिक्का मारून चुकवलं.

मी तेव्हा लातूरच्या एका कृषी महाविद्यालयात ग्रंथपाल होते. वय एकोणपन्नास. लग्न झालेलं नव्हतं. आधी दोन बहिणींची झाली, मग आईचं आजारपण निघालं, आणि मग कोणी विचारायचंच थांबलं. घरात मी आणि आई, चतुराबाई. ग्रंथालयात मी आणि सहा संगणक. त्या सहांतले चार चालायचे.

त्या वर्षीच आमच्याकडे देशोदेशीच्या शेतीविषयक जर्नल्सचा मोठा डेटाबेस सुरू झाला होता. तो फक्त आमच्या आवारातल्या संगणकांवरच उघडायचा. ही अट कोणी घातली त्याचं भलं होवो. कारण त्या अटीमुळेच मुखेडच्या एसटीतून उतरून एक माणूस माझ्या दारात आला.

मी नियतकालिकांवर नोंदी करत होते. कोपऱ्यातल्या संगणकावरून हाक आली.

"मॅडम, हे काय दाखवून राहिलं, बघा की जरा."

पन्नाशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. चपला मात्र दाराबाहेर काढून ठेवलेल्या. मी मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी एका बोटाने 'करडई' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. डेटाबेसला करडई माहीत नव्हती. त्याने आपल्या बुद्धीने विचारलं होतं, तुम्हाला 'कार्डिअ‍ॅक' म्हणायचंय का? आणि खाली हृदयविकाराचे शेकडो लेख ओळीने मांडून ठेवले होते.

"मी करडई मागून राहिलो," ते म्हणाले, "आन् हे मला काळीज देऊन राहिलं."

मला हसू आवरेना. ग्रंथालयात 'शांतता राखा' ही पाटी मीच लावलेली… आणि मीच तोंडाला पदर लावून हसत होते.

"अहो, तिकडच्या लोकांना आपली करडई कशी ओळखू येणार? ते जिला ज्या नावाने ओळखतात, त्या नावाने हाक मारावी लागते."

"करडईला करडईच म्हणतेत. लई झालं तर आमच्या देगलूरकडं कुसुबी म्हणतेत, कानडीत."

मी वाकून टंकलं, कार्थामस टिंक्टोरियस. शेजारी 'किंवा' घालून सॅफ्लॉवर. पडद्यावर हजारावर लेख आले.

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढी बारशी झाली व्हय हिची! आन् आम्हाला एकाबी बारशाचं आवतन न्हाई."

त्यांचं नाव गुरुपादप्पा. मुखेडजवळच्या एका संशोधन केंद्रावर होते. बावन्नाव्या वर्षी पीएचडीला बसले होते. कोरडवाहू जमिनीत करडईबरोबर सोबतीला दुसरं कोणतं पीक घ्यावं, हा विषय. मार्चपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. बायको आठ वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी आरती नांदेडला शिकायला. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी, चारच्या एसटीला निघता निघता सांगून टाकलं. जाताना वहीत सही करताना माझ्या टेबलावरची पाटी वाचली.

"पंचफुला… म्हंजे पाच फुलं?"

"हो."

"कोणची पाच?"

"ते आईला विचारावं लागेल."

"आईला कशाला? आपुन शोधू की. शोधायला तर आलोय."

आणि चपला घालून निघून गेले. मी उगाच त्या दिवशी टेबलावरची पाटी पुसली.

मग दर गुरुवारी येऊ लागले. साडेअकराला एसटी पोचायची, पावणेबाराला ते दारात. मी त्यांना शिकवत गेले. शब्द अवतरणात टाकला की तो जसाच्या तसा शोधला जातो, 'आणि' घातलं की यादी आकसते, 'किंवा' घातलं की पसरते. त्यांना ते फार आवडलं.

"म्हंजे माणसासारखंच हाय," ते म्हणाले. "'किंवा' म्हणणाऱ्याला लई मिळतंय. 'आणि' म्हणणाऱ्याला थोडं, पर नेमकं."

"तुम्ही कोणते?"

"आम्ही 'आणि'वाले," असं म्हणून त्यांनी इतक्या सरळ माझ्याकडे पाहिलं, की मला कपाटातलं काहीतरी आणायला उठावं लागलं. काय आणायचं ते कपाटापर्यंत पोचल्यावरही सुचलं नव्हतं.

त्या काळी दुपारी लाइट जायची. गेली की यूपीएस दहा मिनिटं टिकायचा… टीं-टीं-टीं असा वाजत राहायचा. त्या दहा मिनिटांत दोघांची घाई उडायची. मी लेख उतरवून घ्यायची, ते खंड आणि पानांचे आकडे लिहून घ्यायचे. मग पडदा काळा व्हायचा. पंखा थांबायचा. बाहेर बाभळीवर होले बोलायचे आणि आम्ही दोघं त्या बंद पडद्यासमोर तसेच बसून राहायचो. उठायला तशी काही हरकत नव्हती. पण उठत कोणी नव्हतं.

असल्याच एका वेळी मी डबा उघडला. भाकरी आणि जवसाची चटणी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, डोळे मिटले.

"लसूण थोडा जास्त हाय."

"मग नका खाऊ."

"जास्त हाय म्हणलं. नको कुठं म्हणलं?"

पुढच्या गुरुवारपासून माझ्या डब्यात एक भाकरी जास्तीची जाऊ लागली. आईला कमी ऐकू येई, पण तव्यावरच्या भाकरी तिला बरोबर मोजता येत. "कोन हाय गं?" ती विचारी. "करडईवाले," मी सांगे. आई म्हणे, "तेल इकतो का? चांगलं आसंल तर घे दोन किलो."

ऑक्टोबरात मी त्यांना म्हटलं, "एवढा प्रवास कशाला करता? यादी फोनवर सांगा. मी ईमेलने लेख पाठवत जाईन."

"ईमेलला चटणी जोडता येती का?"

"नाही."

"मग कशाला इच्यारता?"

फुलांचा शोधही चालूच होता. महिन्या-दीड महिन्यातून एक फूल सापडायचं त्यांना, आणि सगळी शेतातली. पहिलं कापसाचं. "सकाळी पिवळं असतंय, दुसऱ्या दिवशी लाजून गुलाबी होतंय. तुम्हाला मघाशी शिपायानं चांगलं म्हणलं तवा झालता तसं." दुसरं अंबाडीचं. तिसरं तुरीचं. चौथं कारळ्याचं, पिवळंधमक. चार झाली तेव्हा डिसेंबर लागला होता.

"आणि पाचवं?" मीच विचारलं. न राहवून.

त्यांनी खिशातलं एक पेन काढून परत ठेवलं.

"पाचवं… तोंडानं न्हाई सांगत. लिहून देतो."

आमच्याकडे मागणीपत्राचं पुस्तक असे. डेटाबेसमध्ये न सापडलेला लेख हवा असेल तर वाचकाने ते भरून द्यायचं. लेखक, शीर्षक, वर्ष, कारण. खाली कार्बन. वरची प्रत शेवटी वाचकाला परत, खालची आमच्या फायलीत. गुरुपादप्पांनी त्या चार महिन्यांत चाळीसएक मागणीपत्रं भरली असतील. सगळी करडईची. करडई आणि हरभरा, करडई आणि कोथिंबीर, करडई आणि जवस.

डिसेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी त्यांनी आणखी एक भरलं. त्या दिवशी आमच्याकडे वार्षिक मोजणी चालू होती. टेबलावर पुस्तकांच्या थप्प्या. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि एसटीला अजून तास असताना निघून गेले. मी तो नंतर वाचला.

लेखक: दोघे. नावे आपणांस माहीत आहेत.

शीर्षक इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर, 'उशिरा पेरणी झालेल्या करडई व जवस यांचे सहपीक: शक्य आहे काय?'

वर्ष: २०१०.

कारण: उत्तर मिळाल्यावर पुढचे ठरवता येईल.

आता तुम्ही वाचणारे हसाल. पण मी काय केलं ते सांगते. धारवाडकडचे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांचे लेख मी गुरुपादप्पांना सारखे काढून देत असे. 'दोघे' म्हणजे तेच, असं मी धरलं. २०१० साल तर उजाडायचं होतं. मला वाटलं, घाईत आकड्यांची अदलाबदल झाली. मी लाल पेन घेतलं, दोन्ही प्रतींवर २०१० खोडलं, २००१ केलं. आणि मग शोधायला बसले.

काय शोधलं हो मी! करडईच्या शास्त्रीय नावाने, जवसाच्या शास्त्रीय नावाने, 'आणि' घालून, 'किंवा' घालून. २००१चे सगळे अंक चाळले, मग मागचे-पुढचे. दिल्लीच्या मोठ्या ग्रंथालयाला लिहिलं. मार्चची मुदत डोळ्यांपुढे होती. या माणसाचं काम माझ्यामुळे अडायला नको, हा एकच ध्यास. प्रेमच होतं ते… पण मी ते असं केलं. दिल्लीचं उत्तर आलं, असा लेख आढळत नाही.

मधले दोन गुरुवार ते आले नव्हते. जानेवारीचा पहिला गुरुवार. ते आले. दाढी गुळगुळीत, शर्ट नवा. समोर बसले नाहीत, उभेच राहिले. मी कागद पुढे केला. त्यावर, खालच्या प्रतीवर होता तसाच, माझा निळा शिक्का होता, 'उपलब्ध नाही'. आणि खाली माझ्या टपोऱ्या अक्षरात, 'सर्वत्र शोध घेतला. असा लेख अस्तित्वात नाही.'

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"नीट शोधलं?"

"सगळीकडे. पंधरा दिवस."

"तुमच्याकडंबी… न्हाई?"

"आमच्याकडे तर सगळ्यात आधी पाहिलं."

"आन् हे साल खोडलंय?"

"ते चुकलं होतं तुमचं. मी दुरुस्त केलं."

ते हसले. असं हसणं मी त्यांच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं. "दिल्लीलाबी इच्यारलं व्हय?"

"विचारलं की. दिल्लीही नाही म्हणाली."

"आयतु," ते म्हणाले. त्यांच्याकडे एखादी गोष्ट झाली, संपली, की कानडीत आयतु म्हणत. कागदाची चौघडी करून खिशात घातली. मी डबा काढला तर म्हणाले, भूक न्हाई आज.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी जास्तीची भाकरी नेत होते आणि संध्याकाळी परत आणत होते. फेब्रुवारीत धीर करून मुखेडला फोन लावला. कळलं, त्यांनी किनवटकडे बदली मागून घेतली, इस्लापूरच्या बाजूला, बियाण्याच्या प्रक्षेत्रावर. प्रबंधही वेळेत गेला. मी स्वतःला समजावलं, काम झालं की वाचक येत नाहीत. हे काय मला नवीन होतं?

पण यूपीएस वाजायला लागला की माझा हात उगाच शेजारच्या खुर्चीकडे जाई. पुढे लाइट जायची थांबली. मग त्या दहा मिनिटांचीही आठवण काढायला निमित्त उरलं नाही. जवसाची चटणी मी दर गुरुवारी करत राहिले. लसूण थोडा जास्तच घालून. आई एकदा म्हणाली, "त्यो तेलवाला येत न्हाई आता?" मी म्हटलं, नाही येत. ती ऐकू न आल्यासारखं म्हणाली, "यील."

अशी आठ वर्षं गेली.

२०१८च्या एप्रिलमध्ये माझी निवृत्ती आली. जुन्या फायली काढून टाकायच्या होत्या. मदतीला सुमय्या होती, आमची नवी सहायक. लातूरच्या गंजगोलाईत तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान. पोरगी चोवीस वर्षांची, तोंडाने फटकळ. मागणीपत्रांच्या कार्बन प्रती ती चाळत होती. एकदम थांबली.

"मॅडम… ये क्या है?"

"काय?"

"हे गुरुपादप्पा कोण?"

मी हातातली फाइल खाली ठेवली. "होते एक वाचक. करडईवाले."

"आणि जवस कोण?"

"जवस कोण म्हणजे? पीक आहे ते."

सुमय्याने कागद माझ्यासमोर धरला. "लेखक दोघे, नावे आपणांस माहीत आहेत. उशिरा पेरणी. शक्य आहे काय. साल पुढचं. उत्तर मिळाल्यावर पुढचं ठरवू." ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. "मॅडम, तुमच्या डब्यात आजसुद्धा जवसाची चटणी आहे. हा लेख नाही हो! हे तुम्हाला लग्नाचं विचारून राहिलेत!"

मी खुर्चीवर बसले. पाचवं फूल. लिहून देतो, म्हणाले होते. जवसाचं निळं फूल… सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळून मोकळं होतं.

"आणि तुम्ही शिक्का मारला?" सुमय्या म्हणाली. "या अल्ला! लाल पेननं साल बी खोडलं?"

मी रडत होते की हसत होते, मला ठाऊक नाही. ती पोरगी शेजारी बसली, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "थांबा. एकदा पुन्हा शोधू."

"काय शोधायचं? असा लेख नाही, मीच लिहून दिलंय."

"तेव्हा नव्हता."

तिने ते शीर्षक जसंच्या तसं अवतरणात टाकलं. आणि पडद्यावर एक ओळ आली. एकच.

तोच मथळा. वर्ष २०१६. एक लहानसं जर्नल. लेखक, गुरुपादप्पा. इस्लापूरच्या प्रक्षेत्रावर पाच रब्बी हंगाम त्यांनी करडई आणि जवस शेजारी-शेजारी ओळींत लावून पाहिले होते. मी न लिहिलेल्या उत्तराचा त्यांनी प्रयोग केला होता! मी निष्कर्षावर गेले. करडईचं मूळ खोल जातं, जवसाचं वरच्या ओलीवर भागतं, दोन्ही एकमेकांच्या वाट्याचं पाणी ओढत नाहीत. उशिरा पेरणीत उत्पादन कमी येते, परंतु दोन्ही पिके तग धरतात. सहपीक शक्य आहे.

आणि शेवटी आभार. 'असा लेख अस्तित्वात नाही, असे लेखी कळवणाऱ्या लातूरच्या ग्रंथपालांचे आभार. त्यांनी सांगितले नसते, तर हा लिहावा लागला नसता.'

पहिल्या पानाच्या तळाला, 'पत्रव्यवहारासाठी लेखक' असं म्हणून एक ईमेल पत्ता होता.

मी कार्बनची प्रत टेबलावर पसरली. ड्रॉवरमधून दुसरा शिक्का काढला. त्याची शाई वाळली होती. तोंडाची वाफ देऊन, दाबून मारला. 'उपलब्ध'. सुमय्याने मोबाइलवर फोटो काढून पाठवला. खाली मी एकच ओळ लिहिली, 'साल दुरुस्त करायला नको होतं.'

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "आयतु. गुरुवारी येतो."

ते आले तेव्हा केस पूर्ण पांढरे झाले होते. चपला मात्र दाराबाहेरच काढल्या. मी उठून उभी राहिले आणि आठवडाभर तोंडात घोळवलेलं सगळं विसरले.

"तोंडाने का नाही विचारलंत?" एवढंच निघालं.

"तुम्ही तोंडावर न्हाई म्हणला असता तर पुन्हा यायला तोंड न्हवतं. म्हणलं, कागदावर इच्यारावं. नगं असंल तर कागदच न्हाई म्हणल." मग हळूच, "मला काय ठावं, तुम्ही दिल्लीला इच्यारताल!"

मी पदर तोंडाला लावला.

"इस्लापूरला गेलो आन् पयल्याच हंगामात जवस लावलं," ते म्हणाले. "रोज सकाळी निळं व्हायचं सगळं. दुपारी मोकळं. म्हणायचो, उद्या पुन्हा यील."

"आणि मी दर गुरुवारी चटणी करत होते."

"लसूण?"

"जास्त."

ते बसले. यावेळी बसले.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही नांदेडला नोंदणी पद्धतीने लग्न केलं. साक्षीदारांत सुमय्या होती. ती आता नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि मुलींना माझी गोष्ट सांगून मागणीपत्र नीट वाचायला शिकवते, असं ऐकते. आरती वर्षभर माझ्याशी 'अहो' पलीकडे बोलली नाही. मग तिच्या बाळंतपणात मी जवसाचे लाडू घेऊन गेले, तेव्हापासून फुलामावशी म्हणते. आईला लातूर सोडवेना, म्हणून तीन वर्षं ते इस्लापूरला आणि मी लातूरला अशी काढली. गुरुवार तेवढा आमचा. ते म्हणत, ओळी वेगळ्या असल्या म्हणून काय झालं, शेत एकच हाय. आई २०२१ला गेली. जाण्याआधी त्यांना ओळखायची ती तेलवाला म्हणूनच, आणि ते खरोखर दर खेपेला दोन किलो करडईचं तेल घेऊन येत.

आता मी पासष्टीची, ते अडुसष्ट वर्षांचे. आम्ही इस्लापूरलाच राहतो. रेल्वे रुळापलीकडे त्यांचा एकराचा तुकडा आहे. गुडघे दुखतात म्हणून ते बांधावर बसून असतात आणि मी ओळींतून फिरते. काल ते दुपारचे झोपले असताना मी तो लेख पुन्हा काढला. 'उशिरा पेरणीत उत्पादन कमी येते' या ओळीवर नजर थांबली. ती आठ वर्षं डोळ्यांपुढून गेली… आठ हंगाम. मला ते वाक्य खोडावंसं वाटलं. मी लाल पेन उचललं.

मग मागच्या वेळी त्या लाल पेनने काय केलं होतं ते आठवलं, आणि टोपण लावून ते ठेवून दिलं.